खेळ पैठणीचा

नवरात्रातली संध्याकाळ. कोथरूडमधल्या एका सोसायटीनं आज पार्किंग रिकामं केलंय. एरवी स्कूटर उभ्या असतात तिथे सतरंज्या, खुर्च्या आणि छोट्या टेबलावर घडी न मोडलेली जांभळी पैठणी.

"वहिनी, वेळ सुरू!" पाच जणी स्वतःच्या केसांत भराभर स्ट्रॉ खोचायला लागतात. एका मिनिटात जास्तीत जास्त. कुणाचा अंबाडा सुटतो, कुणाचा गजरा खाली पडतो, मागून मुलं ओरडतात, "आई, अजून, अजून!"

'खेळ पैठणीचा' आता गणपतीत होतो, हळदीकुंकवाला होतो, निवडणूक जवळ आली की गल्लोगल्ली होतो. हे वेड टीव्हीनं लावलं.

२००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी एक कोटी जिंकले. पण त्या खुर्चीपर्यंत पोचायला आधी फोन लागायला हवा होता. २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' आलं आणि कार्यक्रमच घरी चालत आला. आदेश बांदेकर घराघरांतले भावोजी झाले. दोन खोल्यांच्या घरात कॅमेरा शिरला. ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईला कुणीतरी विचारलं, तुमचं लग्न कसं जमलं, शिक्षण किती झालं, नोकरी का सोडली? शेजारी नवरा अवघडून बसलेला, सासूबाई ऐकतायत, आणि ती बोलतेय. खेळ नंतर. आम्हाला विचाराल तर त्या गप्पाच खरा कार्यक्रम होता. कोटी रुपये नव्हते, एक पैठणी होती, तरी संध्याकाळी अख्खी बिल्डिंग टीव्हीसमोर बसायची.

इकडे पार्किंगमध्ये शेवटची फेरी संपलीय. जिंकल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या, डबे करून देणाऱ्या काकू. उखाणा घेताना त्यांचा आवाज थरथरतो, पण यमक चुकत नाही. टाळ्या.

पैठणी हातात येताच त्या आधी पदर उलटून पाहतात. येवल्याच्या हातमागावर विणलेला पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रावर काढलेल्या मोरांच्या मागे धागे सुटलेले असतात.

धागे आहेत.

काकू पदर नीट सरळ करतात, खांद्यावर घेतात आणि मुलाला हाक मारतात, "अरे, फोटो काढ. पदर सगळा आला पाहिजे."