गाडीचे पाय

नमस्कार श्रोतेहो. नागपूरच्या उन्हातान्हात, कळमन्याच्या मार्केटात जुनी डिझेल पिकअप चालवून पोट भरणाऱ्या माझ्या भावांसाठी आज दोन शब्द, टायर आणि गियरबद्दल.

माझ्या मामांकडे अशीच एक जुनी पिकअप होती. बिनटर्बोची, मोजक्याच ताकदीची, पण कधी अडली नाही. एकदा टायर झिजले. दुकानदार म्हणाला, रुंद घ्या, गाडी रुबाबदार दिसेल. 195/80 आर 15 मापाचे होते, तिथे 235/75 आर 15 आले. दिसायला खरंच छान!

आठवड्याने वीस पोती ढेप, म्हणजे गुरांची पेंड, भरून आम्ही छिंदवाड्याला निघालो. सावनेर गेलं, सौंसर गेलं, काही त्रास नाही. सिल्लेवानीचा घाट लागला आणि गाडीचा जीव गेला. दुसऱ्या गियरला इंजिन गुदमरायचं, मागे काळा धूर. पहिल्याला ओरडायचं, पण गाडी मुंगीसारखी. मामा क्लच अर्धा दाबून रेटत राहिले आणि केबिनमध्ये तो वास आला, जळलेल्या क्लचचा. मी उडी मारून चाकामागे दगड लावला.

परत आल्यावर मिस्त्रीने बोनेट उघडलंच नाही. न्यूट्रल करून मागचं एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं हलू नये म्हणून त्याला ओट लावली. टायरवर खडूची रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर, खडूची रेघ. चाक दोन फेरे फिरवलं. एकच चाक उचललेलं असलं की दोन फेरे मोजायचे. शाफ्ट चारपेक्षा किंचित जास्त फिरला. या शाफ्टच्या टोकाला छोटा गियर असतो, तो पिनियन; तो चाकांकडचा मोठा गियर फिरवतो, तो क्राऊन. ही दोघांची जोडी. म्हणाला, "क्राऊनला 41 दात, पिनियनला 10. जोडी 4.1 ची, बरोबर आहे. इंजिनले काई झालं नाई भाऊ, तुमी गाडीचे पाय लांब केले."

पाय लांब केले, हेच लक्षात ठेवा. नवे टायर नुसते रुंद नव्हते, उंचही होते. जुनं चाक एका फेऱ्यात 218 सेंटीमीटर जायचं, नवं 230. म्हणजे सहा टक्के लांब ढांग, आणि चाकाची ओढ जवळजवळ तेवढीच कमी. 4.1 ची जोडी 3.87 सारखी वागू लागली. गाडी आणि माल मिळून अडीच टन धरा, तर चढावर तीन पोती ढेप जास्त भरल्यासारखं. सपाट वर्धा रोडवर हे कळतही नाही, उलट इंजिन शांत वाटतं. आणि स्पीडचा काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेत्रेसष्टने पळत असते, ब्रेक मारताना हे ध्यानात असू द्या.

पुन्हा सांगतो: चाक मोठं, ओढ कमी. जोडीचा आकडा मोठा, ओढ जास्त. मोठेच टायर ठेवायचे तर 39 आणि 9 दातांची जोडी, म्हणजे 4.33, हिशेब परत जुळवते. पण तुमच्याच हाऊसिंगला, म्हणजे ही जोडी बसते त्या मागच्या खोक्याला, बसणारी मिळाली तरच.

मामांनी तोटा सोसून रुंद टायर विकले, जुन्या मापाचे बसवले, नवी क्लच प्लेट टाकली. पुढच्या खेपेला तेवढीच वीस पोती होती. घाटात दुसरा गियर पडला आणि तसाच राहिला. वर पोचल्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि गरम बोनेटवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले.