माईकला गर्दी ऐकू आली नाही

नमस्कार, श्रोतेहो.

मी बसलोय त्या खोलीत पंखा बंद आहे. पंख्याची घरघर माईक लगेच पकडतो, म्हणून उकडत असलं तरी बंद. माईक माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. आता माझ्या पाठीमागे कुणी खुर्ची सरकवली, तर मी दचकेन, तुम्हाला मात्र पत्ता लागणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज आपल्याला अमेरिकेतल्या एका निवडणुकीबद्दल बोलायचंय आणि त्या निवडणुकीत माईकचं मोठं काम आहे.

एक आवाज ऐकवतो.

(ध्वनिफीत : हॉवर्ड डीन, १९ जानेवारी २००४. राज्यांची यादी आणि शेवटची आरोळी)

हसू आलं असेल, तर तुम्ही एकटे नाही. २००४ मध्ये सगळी अमेरिका हसली. हे हॉवर्ड डीन. पेशाने डॉक्टर, व्हर्माँट या चिमुकल्या डोंगराळ राज्याचे अकरा वर्षांहून अधिक काळ गव्हर्नर. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण, याची निवड त्या महिन्यात सुरू झाली होती. पहिला मुक्काम आयोवा राज्य. तिथे डीन तिसरे आले आणि त्याच रात्री कार्यकर्त्यांसमोर हे भाषण केलं. पुढच्या चार दिवसांत अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहिन्यांनी ही आरोळी ६३३ वेळा दाखवली, असं एका राजकीय वार्तापत्राने मोजलं. गावोगावच्या स्थानिक बातम्या त्यात धरलेल्या नाहीत.

तेव्हापासून एक वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, माध्यमांनी एका चांगल्या उमेदवाराचा बळी घेतला. दुसरी म्हणते, प्रचारच फसला होता, आरोळी हे निमित्त. मी दुसऱ्या बाजूचा. पण पहिल्या बाजूचं एक म्हणणं मला सोडवत नाही, त्याकडे शेवटी येतो.

साधी गोष्ट बघा. डीन ओरडले ते निकाल लागल्यावर. जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८. आयोवा हातून गेला तेव्हा ती आरोळी अजून घशातच होती.

मग गेला कशामुळे? आदल्या वर्षी डीन यांची चलती होती. इराक युद्धाला उघड विरोध, आणि इंटरनेटवरून थेंबे थेंबे गोळा केलेला पैसा. वर्षाअखेर एकूण निधी चार कोटी डॉलरच्या वर. हे तेव्हा नवलाचं होतं. ऑगस्टमध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्यांना मुखपृष्ठावर बसवलं. डिसेंबरमध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पाठिंबा दिला. एकही मत पडलं नव्हतं, तरी नवरदेव घोड्यावर बसला होता! घोड्यावर बसवणारी माध्यमंच होती, हे नंतर गळा काढणाऱ्यांनी विसरू नये.

आणि घोड्यावरचा माणूस सगळ्यांना दिसतो. त्याच डिसेंबरात सद्दाम हुसेन पकडला गेला. डीन म्हणाले, या अटकेमुळे अमेरिका काही जास्त सुरक्षित झालेली नाही. माझ्या मते बरोबर बोलले, पण वेळ चुकली. वर्तमानपत्रांनी ती त्यांची घोडचूक ठरवली. जानेवारीत एक जुनी चित्रफीत बाहेर आली. चार वर्षांपूर्वी कॅनडाच्या दूरदर्शनवर बोलताना डीन यांनी आयोवाच्या याच निवडपद्धतीला नावं ठेवली होती. पाहुण्याने आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याचं कळलं, तर घरची बाई पुढच्या वेळी कसं वाढेल, सांगायला नको.

ती पद्धत थोडी समजावून घ्या, कारण खरी मेख तिथेच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या या सभेत २०२० पर्यंत मतपेटी नसायची. ऐन हिवाळ्यात, संध्याकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत, वाचनालयात, क्वचित कुणाच्या घरीसुद्धा वस्तीतली माणसं जमायची. या कोपऱ्यात केरीवाले, त्या कोपऱ्यात डीनवाले. गुप्त काही नाही, डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्केही माणसं नसायची, त्याचा कोपरा मोडायचा. मग त्या मोकळ्या झालेल्या माणसांना ओढायला बाकीचे धावायचे. आपल्या ग्रामसभेत कोण कुणाच्या शेजारी बसलं हे सगळ्यांना दिसतं ना, तसंच. तिथे जाहिरात चालायची नाही. तिथे चालायची ती पोरांना शिकवलेली बाई किंवा गेल्या हिमवादळात तुमच्या दारातला बर्फ उपसून देणारा शेजारी. त्याने नुसतं म्हणायचं, 'ये इकडे.'

आणि डीन यांच्या लोकांनी काय केलं? देशभरातून साडेतीन हजारांच्या आसपास तरुण स्वयंसेवक आणले, त्यांच्या डोक्यावर भडक नारिंगी लोकरी टोप्या चढवल्या आणि त्यांना दारोदार पाठवलं. पोरं भली, पदरमोड करून आलेली. पण दार उघडणाऱ्याला पहिल्यांदा काय दिसणार? टोपी. म्हणजे बाहेरगावचा माणूस. त्या पोराला व्यायामशाळेतल्या कोपऱ्यात उभं राहायचा अधिकारही नव्हता.

तिकडे केरी यांची गाडी इतकी रुतली होती की त्यांनी बॉस्टनचं घर गहाण टाकून चौसष्ट लाख डॉलर काढले आणि सगळा जोर आयोवावर लावला. माजी सैनिक गोळा केले, अग्निशमन दलाच्या जवानांची संघटना बरोबर होतीच. मतदानाच्या दोन दिवस आधी जिम रासमन नावाचे निवृत्त पोलीस अधिकारी आयोवात हजर झाले. व्हिएतनाममध्ये केरींनी त्यांना गोळीबारात नदीतून ओढून काढलं होतं. रासमन बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. आपण होऊन त्यांनी प्रचार कार्यालयात फोन केला होता. अशी गोष्ट पैसे देऊन मिळत नाही. शिवाय डीन आणि आणखी एक उमेदवार डिक गेपहार्ट जाहिरातींतून एकमेकांना बोचकारत बसले. दोघांच्या भांडणात कुणाचं फावलं ते आकड्यांत दिसतंच. गेपहार्ट चौथे आले आणि घरी गेले.

आता पहिल्या बाजूचं ते म्हणणं.

फार वर्षांपूर्वी एका गावच्या हरिनाम सप्ताहात मी ध्वनिमुद्रण करायला गेलो होतो. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. 'विठ्ठल विठ्ठल' असा गजर चढला की पत्रे थरथरायचे. कीर्तनकारबुवांच्या तोंडाशी आमचा माईक, बाजूचा आवाज गाळून समोरचा तेवढा घेणारा. परत येऊन फीत लावली आणि मी कपाळाला हात लावला. मंडप नाही, टाळ नाहीत, माणसं नाहीत. एक म्हातारा रिकाम्या खोलीत बेंबीच्या देठापासून ओरडतोय, असं ऐकू येत होतं. बुवा माझ्या डोळ्यांदेखत गर्दीच्या वरताण आवाज काढत होते. फितीत गर्दीच नव्हती, म्हणून बुवा वेडे वाटत होते.

डीन यांचं नेमकं हेच झालं. वेस्ट डेमॉइनचा व्हॅल-एअर बॉलरूम, समोर हजारो कार्यकर्ते, त्यांत त्याच नारिंगी टोप्या. हरलेली, रडवेली पोरं. घसा बसलेला. डीन यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि सिनेटर टॉम हार्किन यांच्याकडे वळून पुढच्या राज्यांची नावं ओरडायला लागले. हातातला माईक त्याच जातीचा, भोवतालचा गलका गाळणारा. वाहिन्यांनी आवाज थेट त्या माईकवरून घेतला. सभागृहात त्यांचं बोलणं नीट ऐकूही येत नव्हतं. तिथे हजर असलेल्या कित्येक वार्ताहरांना आरोळीत काही वावगं वाटलं नव्हतं. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीचा, त्यामुळे किंग यांच्या 'आय हॅव अ ड्रीम' या गाजलेल्या भाषणावरून 'आय हॅव अ स्क्रीम' ही कोटी तर हातातच पडली.

नंतर एबीसी वाहिनीच्या डायन सॉयर यांनी गर्दीतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण शोधून हा फरक दाखवला. सीएनएननेही अति झाल्याचं कबूल केलं. तोवर पुढच्या मुक्कामी, न्यू हॅम्पशायरमध्येही केरी ३८ टक्के, डीन २६ झाले होते आणि गंगाजळी आटली होती. १८ फेब्रुवारीला डीन थांबले. दोन आठवड्यांनी व्हर्माँटने त्यांना जिंकून दिलं, म्हणजे शर्यत सोडल्यावर. केरी उमेदवार झाले आणि नोव्हेंबरात बुश यांच्याकडून हरले.

आरोळीआधी त्यांनी नावं घेतलेली राज्यं आठवतात? न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना, ओक्लाहोमा, ॲरिझोना, नॉर्थ डकोटा. पुढच्या वर्षी डीन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि पन्नासच्या पन्नास राज्यांत पक्षाची पगारी माणसं नेमायला निघाले. नॉर्थ डकोटातसुद्धा! पक्षातल्याच शहाण्यांनी तेव्हाही त्यांना वेड्यात काढलं.

वेळ संपत आली. जाता जाता तीच आरोळी पुन्हा लावतो, पण या वेळी गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यातून घेतलेली. आवाज थोडा वाढवा आणि त्यात डीन कुठे सापडतात का, बघा.

(ध्वनिफीत : तेच भाषण, सभागृहातून)