उडतं ते पाणी, मीठ नव्हे

हे दोन कॅन टेबलावर कशाला मांडलेत, असं मघाशी एका आजोबांनी विचारलं. एकात खारं पाणी आहे, एकात गोडं. दिसायला दोन्ही सारखी. आमच्या घरातला सगळ्यात मोठा घोळ या सारखेपणामुळंच झाला.

माझ्याकडं समुद्री माशांची दोनशे लिटरची टाकी आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी आणि थोडे प्रवाळ आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढेच टाकीत ठेवायचे. आता पुण्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. माझ्या टाकीतून रोज चारएक लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ आतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

मागे दहा दिवस गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना सांगितलं, "रोज या खुणेपर्यंत पाणी घाला." काकूंनी एकही दिवस चुकवला नाही, कॅन तेवढा चुकला. समुद्रातल्या माशांना समुद्राचंच पाणी हवं ना, असा त्यांचा विचार. त्यात त्यांचं काय चुकलं? रोज चार लिटर म्हणजे दहा दिवसांत चाळीस लिटर. त्यातून १ किलो ४०० ग्रॅम मीठ जादा गेलं आणि ३५चे ४२ झाले. मासे तगले. हॅमर कोरल नावाचा प्रवाळ मात्र आक्रसून बसला होता. त्याचे मऊ, फुगीर हात पार आत गेलेले आणि एका कडेला मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडलेला. घाबरून मी एका दमात पाणी बदलणार होतो. बरं झालं, हात आवरला. असा झटका बसला असता तर उरलेलंही गेलं असतं. थोडं खारं काढ, तेवढंच गोडं घाल, असं आठवडाभर चाललं. चूक माझीच होती, कॅनवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

गोडं म्हणजे नळाचं नव्हे. त्यात क्लोरिन असतं, फॉस्फेट असू शकतं. घरच्या पिण्याच्या आरओवरही विसंबू नका. चव यावी म्हणून पुष्कळ मशिनांत क्षार परत मिसळलेले असतात. आरओनंतर डीआयचं, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणारं, रेझिन लावायचं आणि क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य आलं की मगच ते पाणी घ्यायचं.

उडणाऱ्या पाण्याचा एक फायदाही आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. त्यामुळं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात. माठाचंच तत्त्व. मुंबईकरांनी मात्र थेट चिलरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशिनचे, पैसे बाजूला काढावेत. तिथल्या दमट हवेत माठ तरी कुठं धड गार होतो?

आता या रोजच्या भरीतच प्रवाळाचं जेवण कालवता येतं. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून सांगाडा बांधतात, म्हणजे ते पुन्हा पुरवायला हवं. जर्मन हौशी मंडळींनी रूढ केलेला उपाय आपल्या आजीच्या ओळखीचा निघाला: चुन्याची निवळी! शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबथेंब सोडायचं, तेही रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कपणा दाखवणारा आकडा, उतरलेला असतो. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून ती भसकन ओतू नका. आणि हो, पानाच्या डबीतला चुना चालणार नाही. दरवेळी कुणीतरी विचारतंच.

टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासा आणायची घाई होते. थांबा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीतल्या दगडांवर आधी वसायला हवेत. बाटलीतून मिळणारे जिवाणू म्हणजे विरजणच समजा, पण हे दही लागायला चार-सहा आठवडे जातात. तोवर नुसते दगड बघत बसायचं. मी बसलोय.

मालवणहून एखादा प्रवाळ लागलेला दगड आणला तर, असं मागून कुणीतरी हळूच विचारताय. आणू नका. दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. कोरडे दगड विकत मिळतात, त्यांवर विरजण लावा.

तर हे कॅन. लाल झाकणाचा खारा, निळ्याचा गोडा. लालवरची चिठ्ठी शेवटच्या रांगेतून दिसणार नाही, वाचून दाखवतो: "खारं. हात लावू नये." अक्षर काकूंचं आहे.