प्रशालेचा निकाल वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गावच्या फाट्यावर फ्लेक्स झळकतो. अमुक प्रशालेचा निकाल शंभर टक्के, खाली पहिल्या तिघांचे फोटो. त्या पोरांचं कौतुक व्हायलाच हवं. पण जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाचं खरं चित्र पाहायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या तीन गोष्टी काढाव्या लागतात: जनरल रजिस्टर, म्हणजे कोण दाखल झालं आणि कोण दाखला घेऊन गेलं याची वही, हजेरीचे कॅटलॉग आणि नववीचं निकालपत्रक.

मंडळ टक्केवारी काढतं ती परीक्षेला बसलेल्या मुलांवर. मग ते संभाजीनगर विभागाचं असो की लातूरचं, हिशेब एकच. चाळीस बसली, अडतीस पास झाली, निकाल 95 टक्के. जी बसलीच नाहीत त्यांचा या गणितात पत्ता नसतो. त्यातही नियमित विद्यार्थी वेगळे मोजले जातात, पुनर्परीक्षार्थी वेगळे आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलेले खासगी विद्यार्थी वेगळे. म्हणजे कच्च्या मुलाला "तू बाहेरून बस" असं सांगितलं की शाळेचा आकडा आपोआप सुधारतो.

म्हणून मोजणी आठवीपासून करायची. समजा, आठवीच्या पटावर 60 मुलं होती. सहा जण दाखला काढून दुसऱ्या शाळेत गेले आणि तिथं शिकताहेत. उरले 54. मधे नवीन कुणी आलं नाही असं धरू. दहावीच्या परीक्षेला बसले 40, पास झाले 38. फ्लेक्सवर 95 टक्के, आणि आठवीपासून मोजलं तर 54 पैकी 38, म्हणजे साधारण 70 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मधली चौदा मुलं कुठं गेली, हा प्रश्न फक्त दुसरा आकडा विचारतो.

हे काम नुसत्या संख्येवर करू नका, नावानिशी करा. नाहीतर बाहेरून आलेली चार आणि गळालेली चार यांची फिट्टंफाट होते आणि गळती शून्य दिसते. मोठा तक्ता करा. पहिल्या रकान्यात आठवीतली सगळी नावं. पुढं प्रत्येकाच्या घरापासून शाळेचं अंतर, घरातलं कुणी आधी दहावी झालंय का, आईवडील हंगामात बाहेर जातात का, नववीचा निकाल, आणि शेवटी मूल आज कुठं आहे. "दाखला नेला" एवढ्यावर थांबू नका. नवीन शाळेत नाव दाखल झालंय का, ते विचारा. दाखला घेऊन घरी बसलेलं मूलही कागदावर दुसऱ्या शाळेत गेलेलंच दिसतं.

आता हजेरी. वर्षाची सरासरी इथं फसवते. जून ते सप्टेंबर नव्वद टक्के आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी चाळीस टक्के, याची सरासरी 65 येते आणि ती बघून कुणी दचकत नाही. महिनावार काढली की गावाचं पीकपाणीच डोळ्यासमोर येतं. लातूर-धाराशिवकडं सोयाबीनच्या काढणीला वर्ग रिकामे होतात. जालना-परभणीकडं कापसाच्या वेचणीला मुली दिसेनाशा होतात. आणि बीडच्या बालाघाटात दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून कुटुंबं उसाला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लहान भावंडाला कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, सांभाळायला आणि भाकरी थापायला थोरली मुलगी लागते, आणि ती बहुतेक वेळा सातवी ते नववीतली असते. दहावीच्या मुलाला आजीजवळ ठेवायला घरचे तयार होतात, नववीच्या मुलीला ठेवायला धजत नाहीत. तिचं लग्न लावलं की आणखी एक कोयता उभा राहतो, हा हिशेबही त्यामागं असतो.

नववीत एवढी गळती का, याला आणखी एक कारण आहे आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. पोषण आहार, मोफत पाठ्यपुस्तकं, गणवेश हे सगळं आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही चौदा वर्षांपर्यंतच. एकाच आवारात सातवीतला भाऊ खिचडी खातो आणि नववीतली बहीण घरून आणलेला डबा उघडते, आणलेला असला तर. ज्या वयात मुलाची मजुरी घराला दिसू लागते, नेमका तेव्हाच सरकारी आधार सुटतो.

पट आणि हजेरी यांतली तफावतही पाहा. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे पदं मंजूर करण्याच्या सरकारी हिशेबात, पटावर ठरतात, त्यामुळं सतत गैरहजर मुलाचं नाव कमी करायला शाळा कचरते. पटावर 45 आणि वर्गात 28, असं दिसलं तर शिक्षकांवर खेकसण्याआधी त्या सतरा नावांचा माग काढा.

गुणांबद्दल थोडं. गणितात बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण. अंतर्गतचे 18 पडले तर पस्तीस व्हायला ऐंशीपैकी सतराच लागतात. म्हणून पास-नापासाबरोबर लेखी गुण वेगळे मांडा. अकरावी विज्ञानाला जाऊन डिसेंबरात कॉलेज सोडणारी मुलं त्या रकान्यात आधीच दिसतात.

लहान शाळांनी एक सांभाळावं. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के. यंदा 96, गेल्या वर्षी 88, म्हणजे दोनच मुलांचा फरक. त्यावरून नव्या मुख्याध्यापकांना हार घालू नका आणि जुन्यांना दोषही देऊ नका. तीन वर्षांची मुलं एकत्र धरूनच मुलगे-मुली, जवळची-लांबची, स्थलांतरित आणि गावातली अशी तुलना करा. वाडी-तांड्यावरची मुलं मागं दिसली तर आधी एसटीची वेळ बघा. पहिला तास साडेदहाला आणि गाडी अकराला, असं असेल तर रोज बुडणारा तो तास बहुधा गणिताचा किंवा इंग्रजीचा असतो.

तक्ता कधी करायचा? निकालाच्या दिवशी करून उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं तो जुलैत हाती घ्यावा आणि ऑगस्टअखेर संपवावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. तिथली चौकशी, आजीआजोबांशी बोलणं, मुलींचा एसटी पास, या गोष्टी मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर होत नाहीत. गाडी दसऱ्यानंतर येते. आठवी-नववीतल्या कोणत्या घरी ती येणार, हे गावाला त्याच्या दोन महिने आधीच माहीत असतं.

नमस्कार.