ड्यूकचं केळं आणि आपली बासराई

नमस्कार मंडळी.

मसालेभाताचा वास सुटला की वक्त्याच्या हातात माइक द्यायचा, ही आपल्या कार्यकारिणीची जुनी युक्ती. माणूस आपोआप आवरतं घेतो. तरी दहा मिनिटं घेतोच. पुढच्या महिन्यात मंडळाची सहल डार्बीशायरला निघतेय आणि तिथला चॅट्सवर्थचा वाडा बघायचा की केडल्स्टनचा, यावरून व्हॉट्सॲपवर दोन तट पडलेत. मी चॅट्सवर्थवाला. का, तर मी रावेर तालुक्यातला आणि केळीच्या बागेत वाढलेला.

चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा. पदवी डेव्हनशायरची, बिऱ्हाड डार्बीशायरात. इंग्रजांना यात काही वावगं वाटत नाही. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. हे आडनाव आपल्या जळगावच्या कृषी सेवा केंद्रात गेलात तरी कानावर पडेल. बासराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी कॅव्हेंडिश गटातली केळी. त्याच घराण्यातल्या सहाव्या ड्यूकचं हे नाव.

हा ड्यूक अविवाहित, हौशी आणि खर्चाला सैल. 1826 मध्ये त्यानं जोसेफ पॅक्स्टन नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला मुख्य माळी नेमलं. पोराला तेवीस पूर्ण नव्हती. ड्यूक स्वतः रशियाला, झार निकोलसच्या राज्याभिषेकाला निघून गेला. पॅक्स्टन पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला पोचला, तर फाटक बंद. पठ्ठ्या फाटकावर चढून आत उतरला, सगळी बाग फिरला, सहा वाजता माणसं आली तशी त्यांना कामाला लावलं आणि मग वाड्याच्या हाउसकीपरकडे नाश्त्याला गेला. तिथं तिची भाची भेटली, सारा. नऊ वाजायच्या आत दोघं प्रेमात पडली होती, असं त्यानंच पुढं लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी लग्न. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या संयोजकांनी नोंद घ्यावी.

याच पॅक्स्टननं 1830 च्या सुमाराला मॉरिशसमार्गे आलेलं केळीचं एक रोप मिळवलं आणि काचघरात लावलं. आपल्याकडं बाग आठ-नऊ महिन्यांत निसवते, म्हणजे केळफूल बाहेर पडतं. याचं झाड निसवलं 1835 च्या नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात त्या केळ्यांना पदक मिळालं आणि वाणाला मालकाचं नाव लागलं. आता कोणी म्हणेल, म्हणजे आपली बासराई इंग्लंडहून आली का? मुळीच नाही. हे वाण मूळचं दक्षिण चीन-व्हिएतनामकडचं, आणि तिथून फिरत फिरत जगभर गेलं. इंग्लंडात फक्त बारसं झालं.

दुसरं झाड उर्वशीचं. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्यांनी ती लाल-पिवळ्या फुलांची झुंबरं लोंबताना पाहिली असतील त्यांना सांगायला नको. मूळची ब्रह्मदेशातली. ही आपल्याकडं हवीच म्हणून ड्यूकनं 1835 मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला थेट कलकत्त्याला धाडलं. गडी खासी टेकड्या पालथ्या घालून पेट्या भरभरून ऑर्किडं आणि उर्वशीचं रोप घेऊन 1837 मध्ये परतला. ड्यूकनं ते रोप वाड्याच्या रंगीत दिवाणखान्यात ठेवून शेजारी बसून न्याहारी केली. पण उर्वशी काही त्याच्याकडं फुलली नाही. इंग्लंडात ती पहिल्यांदा फुलली 1849 मध्ये, लंडनजवळ ईलिंगला एका बाईंच्या बागेत.

झाडं जगवायला पॅक्स्टननं 1836 ते 1840 या काळात प्रचंड काचघर उभारलं. 277 फूट लांब. व्हिक्टोरिया राणी 1843 मध्ये त्यातून घोडागाडीतून फिरली. कोळसा दिसू नये म्हणून तो जमिनीखालच्या छोट्या रुळांवरून बॉयलरपर्यंत यायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं गारठून मेली आणि 1920 मध्ये सुरुंग लावून काचघर पाडलं. ती जागा जरूर बघा. आता तिथं मुलांसाठी भूलभुलैया आहे, पण कडेच्या दगडी भिंती तशाच उभ्या आहेत.

तिथून कारंज्याकडं जा. झार भेटीला येणार म्हणून पॅक्स्टननं वरच्या माळावर आठ एकरांचा तलाव खणवला आणि 1844 मध्ये कारंजं सुरू केलं. त्याची धार 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. झार आलाच नाही. पुढं 1893 पासून त्याच पाण्यावर वाड्याची वीज तयार व्हायला लागली, म्हणजे पाटाच्या पाण्याची किंमत कोणाला तरी कळली.

केडल्स्टनवाल्यांवर अन्याय नको. रॉबर्ट ॲडमनं घडवलेलं ते घर, आतले संगमरवरासारखे वीस खांब, कलकत्त्याच्या राजभवनाचा नमुना तोच; हे सगळं बघण्यासारखंच. पण ते घर कर्झनचं. ज्याच्या बंगालच्या फाळणीमुळं 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली, तोच हा. तिथं त्याच्या बायकोचा मोरपिसांच्या नक्षीचा झगा आहे, 1903 च्या दिल्ली दरबाराचा. जरदोजी आपल्या कारागिरांची, शिलाई पॅरिसची. जवळून पाहिलं तर प्रत्येक डोळ्यात हिरव्या भुंग्याच्या पंखाचा तुकडा टाचलेला दिसतो. दिल्लीच्या त्या बोटांपुढं मी दोन मिनिटं उभा राहिलो. बाकी घर भरभर बघितलं.

शेवटचं, आणि मग पानं वाढायला घ्या. आमचे अण्णा गावाहून इथं इंग्लंडात आले होते तेव्हा त्यांना चॅट्सवर्थला नेलं होतं. वाड्यातल्या चित्रांसमोर ते शिष्टाचार म्हणून माना डोलवत होते. नव्या काचघरात शिरले, केळीजवळ गेले आणि खोडावर हात ठेवला. मग वाकून बुंध्याशी पाहिलं. "पिलं काढली नाहीत यांनी. घड बारीक पडेल," म्हणाले. पिलं म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब. तिथल्या माळ्याला ते सांग म्हणाले. मी भीत भीत सांगितलं. माळी हसला, खिशातून चाकू काढून कुठली पिलं काढू विचारलं. अण्णांनी बोटानं तीन दाखवली, एक ठेवायला लावलं. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं किती झाडं आहेत?

अण्णा म्हणाले, "यंदा कमीच आहेत. बारा हजार खोडं."

मी आकडा इंग्रजीत सांगितला. माळ्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, भाषांतर नक्की बरोबर केलंस ना?