सेवांची मांडणी, सातबाऱ्यापासून

मित्रहो, संभाजीनगर-लातूरकडं सरकारी सॉफ्टवेअरची कामं करणारी बरीच मंडळी समोर बसली आहेत, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. एखाद्या खात्याच्या सेवांची यादी करा म्हटलं की आपण त्या खात्याची सॉफ्टवेअरं मोजायला लागतो. तिथंच पुढचं सगळं बिघडतं.

जून लागला की औसा तालुक्यातला शेतकरी पीककर्जासाठी बँकेत जातो आणि बँक सातबारा मागते. त्याला हवा असतो आपल्या गटाचा, ताजा, बँक मान्य करील असा उतारा. ही झाली सेवा. तलाठी हातानं लिहून द्यायचे तेव्हाही हीच सेवा होती, आणि आज 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा निघतो तेव्हाही हीच आहे. आतलं सगळं पालटलं तरी घेणाऱ्याच्या पदरात तेच पडत असेल, तर सेवा एकच धरायची.

आर्किमेट ही खात्याचं काम, सॉफ्टवेअर आणि सर्व्हर यांची रचना चौकटी-बाणांच्या आकृतीत रेखाटायची भाषा. ती नेदरलँड्समध्ये घडली आणि 2009 मध्ये द ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली. तिच्यात सेवा प्रामुख्यानं तीन थरांवर येतात. उतारा देणं ही व्यवसायाच्या थरावरची सेवा. गट क्रमांकावरून नोंद काढून देणं, तिच्यावर डिजिटल सही उमटवणं या ॲप्लिकेशनच्या थरावरच्या. त्याखाली तंत्रज्ञानाचा थर, म्हणजे साठवण आणि सर्व्हर. पोर्टल आणि सेवा केंद्र हे इंटरफेस. तिथून सेवा मिळते. त्यांच्या नावानं वेगळ्या चौकटी काढल्या की एकाच उताऱ्याच्या दोन सेवा होतात, आणि तक्रार आली की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

वारसनोंदीत जास्त गोंधळ होतो. अर्ज, नोटीस, हरकतींसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण, ही झाली प्रक्रिया. तिच्यातून प्रत्यक्षात येते ती सेवा म्हणजे वारसाचं नाव लागणं. ॲप्लिकेशन सेवेचा बाण या प्रक्रियेकडं जातो आणि प्रक्रियेचा वरच्या सेवेकडं. हे बाण नीट काढले असतील, तर सर्व्हर बंद पडल्यावर तहसीलमध्ये नेमकं काय काय अडेल हे कागदावर बोट ठेवून सांगता येतं.

वरच्या थराची यादी कुठून आणायची? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित झालेल्या सेवा घ्या. प्रत्येकीला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, अपील कुणाकडं करायचं तेही ठरलेलं आहे. नागरिकाच्या बाजूनं केलेली इतकी तयार यादी दुसरीकडं मिळणार नाही.

आपल्या मराठवाड्यात मात्र एक चौकट जास्तीची लागते. निजामकाळातल्या कितीतरी नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं लागली. स्कॅन केलेलं पान सॉफ्टवेअर देईल. त्यात काय लिहिलंय ते सांगायला आणि प्रमाणित करायला माणूस पाहिजे. आपल्या आराखड्यांत त्या माणसाला जागाच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बीडचा किंवा नांदेडचा आराखडा कराल तेव्हा व्यवसायाच्या थरावर 'मोडी वाचक' ही भूमिका काढा आणि ती बजावणारी माणसं जिल्ह्यात किती, ते शेजारी लिहा. जिथं शून्य येईल तिथं ही सेवा चालू आहे असं दाखवू नका.