दम आधी येतो, पाय मागून
(अंबाजोगाईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

साडेचार वर्षांनी मी पहिल्यांदा पहाटे बूट घालून घराबाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी दूधवाला भेटला. गाडी थांबवून म्हणाला, "साहेब, कामून पळायलेत? शुगर निघाली का?" मी म्हणालो, नाही बाबा. "मग बीपी असंल." आपल्याकडं भरतीची पोरं पळतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. पंचेचाळीस वर्षांचा बँकेतला माणूस पळायला लागला की त्याचा रिपोर्ट काय आला, हे लोकांना कळायला पाहिजे असतं.

आयोजकांनी पत्रिकेवर 'पुनरागमन' असा शब्द छापलाय. एवढा मोठा शब्द मला झेपणार नाही. मी काही स्पर्धा जिंकणारा खेळाडू नाही. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर, ती मी वर्षातून दोन-तीनदा पळायचो. सगळ्यात चांगली वेळ १ तास ४६ मिनिटं. म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं. हौशी माणसाला बरी आहे, एवढंच.

२०१९ च्या डिसेंबरात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यानंतर माझं पळणं बंद. लोक म्हणतात, वडिलांसाठी सोडलं. खरं सांगतो, पहिली दोन वर्षं दादांची होती. पुढची अडीच निव्वळ माझ्या आळसाची. तोवर वजन ११ किलोनं वाढलेलं, आणि बूट माळ्यावर.

२०२४ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू केलं. पहिले आठ दिवस जीव नुसता नाकातोंडात. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात तर मला वाटलं, गडी परत आला! घड्याळात जुना पेस, म्हणजे पळायचा वेग, तसाच सेट होता. एका रविवारी मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरलो. तुम्हाला तो उतार माहीतच आहे. खाली जाताना पाय आपोआप पडत होते. वर येताना अर्ध्या चढात पोटरीवर कुणीतरी मागून दगड मारला. मी वळून बघितलं, कोणतं पोरगं आहे म्हणून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटला की असंच वाटतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं घरापर्यंत आणून सोडलं. दीड महिना गेला.

त्या दीड महिन्यात पाय उशीवर ठेवून मी वाचलं. आता मी जे सांगतो, ते नीट ऐका, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पोटरी वाचली असती.

१९८४ साली अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कसलेल्या खेळाडूंना ८४ दिवस सराव बंद करायला लावला आणि त्यांची मोजमापं घेतली. शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता असते, ती पहिल्या तीनच आठवड्यांत ७ टक्के घसरली. पुढं १६ टक्क्यांवर जाऊन थांबली. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्तातला पातळ भाग कमी होतो म्हणून. हृदयाला एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त ढकलता येत नाही. पण स्नायूंमध्ये वर्षानुवर्षांच्या सरावानं ज्या बारीक केशवाहिन्या वाढलेल्या असतात, त्या जवळपास तशाच राहिल्या. पाटीलकी गेली, वाडा राहिला, तसं. तीन महिन्यांनंतरही ती मंडळी कधीच न पळालेल्या माणसापेक्षा वरचढ होती.

आता गंमत बघा. रक्तातला तो पातळ भाग सराव सुरू केला की आठ-पंधरा दिवसांत परत भरायला लागतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दम परत येतो, म्हणजे धाप कमी लागते, आणि माणसाला वाटतं झालं सगळं. पण टाचेमागचा कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी, गुडघ्याखालचं हाड, पोटरीचा जोड, यांना महिने लागतात. कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी, आणि सगळ्यांचीच चाल बैलगाडीची. दम आधी येतो, पाय मागून. मधल्या काळात मेंदूला जुना वेग आठवत असतो, आणि तिथंच घात होतो. अगदी नवीन माणूस या सापळ्यातून तरी वाचतो, कारण त्याला आठवायला जुना वेगच नसतो! जुना पळणाराच अडकतो.

आणि उतार. चढानं दम काढला म्हणून आपण चढाला शिव्या देतो. मांडीची खरी मोडतोड उतारावर होते. तिथं स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते, ते त्यामुळं. पण एकदा थोडा उतार पचवला की पुढच्या खेपेला तेवढं दुखत नाही, शरीर शिकतं. म्हणून उतार थोडाथोडा खायचा. मी एका घासात खाल्ला.

या दिवसांत मी ओसरीवर पडलेलो असायचो आणि समोर दादांचा व्यायाम चालायचा. आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, दोन-दोन फुटांची. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, काका, एक फरशी. काठी टेकवायची, उजवा पाय ओढून पुढं आणायचा, मग डावा. पहिल्या दिवशी एकच फरशी झाली होती. साडेचार वर्षांनी ते परसदारापर्यंत जात होते, बावीस फरश्या. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळीवरून अंबाजोगाईला येते, तिच्यात मिसळून हा माणूस पंढरपूरपर्यंत चालत जायचा. पण पूर्वी किती चालायचो, हा हिशोब त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. संध्याकाळी फक्त सांगायचे, "आज बावीस."

ऑगस्टमध्ये मी घड्याळ कपाटात ठेवलं. रस्त्यावरचे विजेचे खांब मोजले. एक खांब पळायचं, एक चालायचं. सहा आठवडे हेच. भरतीची पोरं बाजूनं जाताना ओरडायची, "काका, चला!" मी जात नव्हतो. खूप जड गेलं, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडं हवेचंही बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचलाच अंग चिकट होतं, आणि आठ वाजले की डांबर तापतं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग विसरायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत उतरलात तर एका बुटाला अर्धा किलो चिखल. म्हणून शर्यत हिवाळ्यात, असा बेत ठेवला. पाण्याबद्दल एकच सांगतो: तहान नसताना नुसतं पाणी ढोसू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, पाहिजे त्यापेक्षा कमी निघालं; जास्त पाण्यानं ते पातळ होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आपल्या आईलाही करता येतं, त्याला इम्पोर्टेड पाकीट लागत नाही.

इथं कुणीतरी हमखास विचारतं, अविनाश साबळेचं बघा की. बघतो ना. आपल्याच जिल्ह्यातला धावपटू, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला तो पडला, गुडघा गेला, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तो परत यावा म्हणून माझ्यासकट सगळा बीड जिल्हा वाट बघतोय. पण त्याच्या परतण्यातून आपण आपलं गणित काढू नये. त्याच्यामागं लष्कर आहे, प्रशिक्षक आहेत, पळणं हेच त्याचं काम आहे. आपल्यामागं मार्च-एन्डिंग आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी छत्रपती संभाजीनगरला हाफ मॅरेथॉन पळालो. सुरुवातीला सगळे मला मागं टाकून गेले, जाऊ दिले. सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला त्यातले बरेच जण चालताना दिसले. मीही दोनदा चाललो, लाज वाटली नाही. २ तास १९ मिनिटं. किलोमीटरला साडेसहाच्या वर. पूर्वी असली वेळ आली असती तर मी पदक पिशवीत लपवून आणलं असतं.

रात्री घरी आलो. दादा ओसरीवर जागेच होते. पदक हातात घेतलं, डाव्या हातानं तोललं. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत विचारलं, "किती येळ लागला?"

"दोन तास एकोणीस मिनिटं."

"अन् आधी?"

"एक शेहेचाळीस."

बराच वेळ ते गप्प बसले. मी मनाची तयारी केली होती.

म्हणाले, "म्हंजी ह्या खेपेला जास्त येळ पळलास."